बोटभर फट

"ताई, गेल्या खेपेला तुम्ही दार लावलंच नव्हतं," ड्रायव्हर म्हणाला. तो भांडायला आला नव्हता. भांडायला आलेली माणसं टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहतात, हे तिला रुग्णालयात कान तपासण्याच्या सोळा वर्षांत पाठ झालं होतं. हा आपला खुर्चीच्या टोकाशी बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. पंचावन्नचा माणूस, त्यातली एकतीस वर्षं शहरातली बस चालवण्यात गेलेली. तीन आठवड्यांपूर्वी तो वार्षिक तपासणीला आला तेव्हा तिने काढलेल्या आलेखात त्याचे दोन्ही कान जाड आवाजांना कमी पडले होते, आणि त्या एका कागदावर त्याला बसवरून उतरवलं होतं. उद्या सकाळी अकराला त्याला कार्यालयात हजर व्हायचं होतं. फेरतपासणीत कान बरे निघाले तर गाडी, नाहीतर निवृत्तीपर्यंत आगारात गाड्या धुवायच्या. "मी आपलं सहज सांगितलं," तो म्हणाला. "आदल्या वर्षी लावलं होतं. खट्‌कन आवाज झाला आणि मग असं काही शांत झालं, की म्हटलं इथेच एक डुलकी काढावी. वर्षातून तेवढीच दहा मिनिटं माझ्यामागे कुणी हॉर्न वाजवत नाही." स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. तिला हसता आलं नाही. तिने मान वळवून दाराकडे बघितलं आणि ती हातातल्या कागदाची उगाचच घडी घालायला लागली.

त्या खोलीला कागदोपत्री लांबलचक नाव होतं, पण रुग्णालयात सगळे तिला पेटी म्हणत. खोलीतली खोली. भिंतींना छिद्रंछिद्रं असलेला पत्रा, त्यामागे कापूस की काय कोंबलेलं, वीतभर जाडीचं दार, दाराला रबराची पट्टी, खाली दाबायची लोखंडी मूठ, आणि बाहेरून आत बघायला पुस्तकाएवढी दुहेरी काच. आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि वायरच्या टोकाला एक बटण. पेशंटने आत बसायचं, तिने बाहेर यंत्रापाशी; ती आवाज सोडणार, बारीक, जाड, आणखी हळू, आणखी हळू; ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. पण पहिला पेशंट यायच्या आधी, रोज सकाळी पावणेनऊला, यंत्र आपोआप चालण्यावर लावून ती स्वतः आत बसायची, दार लावून, आणि बटण दाबायची. हा त्या खात्याचा नेम होता. तिचे कान ठाऊक असलेले कान होते. दहा, दहा, पाच, पाच, दहा, पंधरा: किती हळू आवाज ऐकू येतो त्याचे, लहान तितके कान चांगले, रोज हेच आकडे आले म्हणजे यंत्र ठीक, पेटी ठीक, आता खुशाल लोकांचे कान तपासा. दुकानात तराजूशेजारी वजनं ठेवलेली असतात तशी ती तिथे होती. वजनाला कुणी बरं आहे का म्हणून विचारत नाही, आणि तिचीही तशी काही तक्रार नव्हती. उलट त्या आठ मिनिटांचा तिला थोडा अभिमानच होता. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिच्यावाचून अडावं असं एवढंच एक काम होतं, निदान आई गेल्यापासून तरी.

अकरा आठवड्यांपूर्वीचा तो मंगळवार होता आणि त्या दिवशी काहीही झालेलं नव्हतं. हे ती नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत राहिली, जणू कुणी चौकशी लावली होती. आदल्या रात्री नीट झोप झाली होती, बस वेळेवर मिळाली होती, चहा नेहमीसारखा पांचट होता. तिने दार ओढून घेतलं, मूठ दाबली, कानांना दडे बसल्यासारखं झालं, ते रोजच व्हायचं. आणि मग पहिल्या आवाजाची वाट बघताना तिला स्वतःच्या काळजाचा ठोका ऐकू आला. ऐकू आला म्हणजे आपलं लक्ष गेलं, इतकंच. पण लक्ष गेलं आणि तो ठोका चपापला. एक चुकला, दुसरा घाईघाईने पडला, तिसरा गळ्यात. मग तळपायापासून काहीतरी गरम वर चढलं, बोटांना मुंग्या आल्या, बटण धरलेला हात कुणा परक्या बाईचा असावा तसा मांडीवर दिसायला लागला आणि पेटीतली हवा संपली. आपण आता मरणार, हे तिला कुणीतरी बातमी सांगावी इतकं स्पष्ट कळलं. ती उठली, मूठ उलट्या बाजूला ओढली, पुन्हा ओढली. सोळा वर्षं रोज उघडलेलं दार तिला उघडता येईना. उघडलं तेव्हा ती बाहेरच्या फरशीवर बसली, आणि पुसायचं फडकं घेऊन आलेल्या मावशींनी, खात्यातल्या झाडलोट करणाऱ्या बाईंनी, आरडाओरडा करून तिला खाली तातडीच्या विभागात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तिच्या भाचीच्या वयाच्या. हृदयाची पट्टी काढली, रक्तदाब बघितला, बोटाला चिमटा लावला. सगळं उत्तम. "तुम्ही ठणठणीत आहात," त्या म्हणाल्या. "याला भीतीचा झटका म्हणतात. शरीराला उगाच वाटतं की संकट आलंय. पुन्हा आलं तर पळू नका, बसून राहा. आपोआप उतरतं ते. आणि वरच्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसतात, त्यांना एकदा भेटा." ती हो हो म्हणाली आणि मनातून जळफळली. मरता मरता वाचलेल्या माणसाला ठणठणीत म्हणायचं म्हणजे काय! तिला काहीतरी निघायला हवं होतं. एखादी झडप, एखादी गाठ, नाव असलेलं काहीतरी, की जे कागदावर दाखवून म्हणता यावं, हे बघा, हे होतं. काही निघालंच नाही, त्यात तिला जो अपमान वाटला तो भीतीपेक्षाही जास्त टिकला. वरच्या मजल्यावर ती गेली नाही. जिना चढताना धाप लागते, आणि धाप लागली की तेच सुरू होईल अशी धास्ती वाटते, हे कारण तिने स्वतःला दिलं आणि स्वतःच मान्य करून टाकलं.

दुसरा झटका दुकानातल्या रांगेत आला. हातातल्या टोपलीत साबण, पाव आणि अर्धा डझन अंडी. तिने टोपली तिथेच जमिनीवर ठेवली आणि चालू लागली, मागून कुणीतरी "अहो बाई" म्हणालं. तिसरा घराच्या जिन्यात. चौथ्यापर्यंत तिला झटक्याची गरजच उरली नाही. तो येईल या भीतीनेच दिवस भरायला लागला. बसमध्ये ती दाराजवळच उभी राहायची, बसायला जागा असली तरी. लिफ्ट सोडली. नाटकाची तिकिटं मैत्रिणीला देऊन टाकली, आणि मैत्रिणीने कारण विचारलं तेव्हा दातदुखी सांगितली. त्यानंतर मैत्रीण दोनदा दाताचीच चौकशी करून गेली. पाकिटात धाकट्या भावाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. घर रोज आवरून निघायला लागली, भांडी विसळून, चादर ताणून, कारण आपण बाहेर कुठे पडलो तर शेजारीपाजारी घरात शिरणार, आणि सिंकमधली खरकटी ताटली बघून म्हणणार, हं, एकटी बाई. एरवी तिला कुणी काय म्हणेल याची फिकीर नसे. मेल्यावर मात्र नाव चांगलं राहावं असं वाटू लागलं होतं.

भाऊ रविवारी फोन करायचा. नऊ वर्षं आईचं सगळं तिने एकटीने केलं, तेव्हापासून त्याच्या लेखी ती म्हणजे न हलणारी वस्तू. "अक्का, कशी आहेस?" हे तो वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नसल्यासारखं विचारायचा. एका रविवारी तिने धीर करून सांगायला घेतलं. म्हणाली, "अरे, मला हल्ली जरा कसंसंच होतं." तो हसला, मनापासून, मायेने हसला. "तुला? तुला काय धाड भरलीय! आम्हाला पोचवून मग जाशील तू." मग त्याने मुलीच्या परीक्षेचं सांगितलं, नव्या गाडीचं सांगितलं. ती हं हं करत राहिली. फोन ठेवल्यावर घरात जी शांतता झाली ती तिला सोसेना, म्हणून तिने रेडिओ लावला, आणि त्या दिवसापासून रेडिओ बंद केलाच नाही. आंघोळीला जातानाही तो बोलत असायचा. कुणीतरी बोलत राहिलं की तिच्या काळजाला तिच्याशी बोलायची संधी मिळत नसे. आपण दुःखी आहोत असं तिला वाटत नव्हतं. एकटी आहोत असं मात्र वाटायचं, आणि ते आधीही होतंच. फक्त आधी त्याला घाबरायचं असतं हे माहीत नव्हतं.

पेटीत ती पुन्हा बसली नाही. पावणेनऊला येऊन वहीत दहा, दहा, पाच, पाच, दहा, पंधरा लिहायची. खोटं लिहायला तिला अगदी सोपं गेलं, कारण सोळा वर्षं ते खरंच होतं. यंत्र थोडंच एका दिवसात बिघडतं, उद्या बसू, सोमवारपासून बसू, असं करता करता अकरा आठवडे झाले. आणि दार? दाराचं तर तिने ठरवलंही नव्हतं. झटक्यानंतर कामावर आल्यावर पहिलीच पेशंट एक किरकोळ अंगाची बाई होती. ती आत बसली, हिने दार ढकललं, मुठीवर हात ठेवला, आणि तो हात पुढे जाईना. त्या बाईची हवा आपण बंद करतोय असं तिला वाटलं. तिने बोटभर फट ठेवली, दार हलू नये म्हणून खाली फडक्याची घडी सरकवली, आणि तिलाच हायसं वाटलं. मग तीच सवय झाली. कुणी मागितलेली नव्हती ही मेहेरबानी. सोळा वर्षांत त्या दाराबद्दल दोन लहान मुलं सोडली तर कुणी कधी हूं की चूं केलं नव्हतं. आणि त्या बोटभर फटीतून आत काय काय जात असेल, याचा विचार जिने करायचा तीच वाट चुकली होती: बाहेरच्या बोळातल्या थंड पाण्याच्या यंत्राची घरघर, लिफ्टची मोटर, हवा खेळवणाऱ्या मोठ्या पंख्याचा घोगरा सूर. सगळे जाड आवाज. हेडफोनमधला जाड आवाज त्यात बुडून जाणार नाही तर काय होणार? ही गोष्ट तिने स्वतः दोन नवशिक्या मुलींना शिकवली होती, फळ्यावर आकृती काढून. तिला दयेचा उमाळा आला होता आणि तिची भीती लोकांच्या आलेखांत उतरत गेली होती. ड्रायव्हरच्या एका वाक्यासरशी ते सगळं तिच्या पुढ्यात येऊन बसलं.

"मग, करायची ना तपासणी?" ड्रायव्हरने विचारलं. फेरतपासणीच्या अर्जाला त्याच दिवशीच्या सकाळच्या आकड्यांचा यंत्रातून निघालेला कागद जोडायचा असतो. वहीतली ओळ चालत नाही. मावशींना आत बसवून भागलं नसतं, त्यांचे कान कसे आहेत कुणाला माहीत. आणि दुसऱ्या रुग्णालयात महिन्यापुढची तारीख मिळाली असती. एक सोपी वाट होती, आणि तिचा तिने विचार केला, अगदी नीट विचार केला: दार लावून याचा आलेख काढायचा, आणि जोडायचा कागद एखादा जुना काढून तारीख बदलायची. एवढं खोटं लिहून झालंय, त्यात आणखी एक. पण ज्या पेटीची तिने अकरा आठवडे खात्री केली नव्हती तिच्यातून आलेल्या आलेखावर हा माणूस उद्या चाळीस माणसं घेऊन रस्त्यावर जाणार. कान खरंच गेलेले असले तर? आणि चांगले असून पेटी चुकली तर हा निवृत्तीपर्यंत गाड्या धुणार. "दहा मिनिटं थांबा," ती म्हणाली. "आधी मला बसावं लागतं."

तिने यंत्र लावलं, आत गेली, दार ओढलं, मूठ दाबली. दीड मिनिटात ती बाहेर होती. कपाळावर घाम, ओठ पांढरे, हात भिंतीला. ड्रायव्हर खुर्चीतून उठला. "काय झालं, ताई? चक्कर आली का?" त्याने पाण्याची बाटली पुढे केली. हो म्हणणं सोपं होतं. दातदुखी सांगता आली तशी चक्करही सांगता आली असती. पण तिच्यात आता नवीन काही रचण्याचं बळ नव्हतं. "भीती वाटते मला," ती म्हणाली. "आत."

"कशाची?"

"कशाची नाही. नुसती." ती पुढे म्हणाली, "म्हणून दार उघडं ठेवत होते. तुमच्याही वेळेला. तुमचा कागद माझ्यामुळे बिघडला असेल." इतके दिवस जे कुणालाच सांगता आलं नव्हतं ते तिने एका परक्या माणसाला सांगितलं होतं, आणि तेही ज्याचं नुकसान केलं त्यालाच. तो रागावेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर राग आलाही, तिने तो येताना बघितला. जबडा घट्ट झाला, टोपी दोन्ही हातांत पिळली गेली. "तीन आठवडे," तो म्हणाला. "तीन आठवडे बायको मला मोठमोठ्याने ओरडून जेवायला हाक मारतेय." मग त्याने घड्याळ बघितलं, पेटीकडे बघितलं आणि तिच्याकडे बघितलं. "बरं, आता काय करायचं? दार मी बाहेरून लावू, की तुम्ही आतून ओढून घेता?"

"तुम्ही लावा," ती म्हणाली. "आणि मी काचेवर वाजवलं तरी उघडू नका." लगेच तिला वाटलं, हे फारच नाटकी झालं. "म्हणजे, एकदा वाजवलं तर उघडू नका. दोनदा वाजवलं तर उघडा." त्याने मान डोलावली, स्टॉपवर कुठे थांबायचं हे कुणी सांगितल्यासारखी. ती यंत्र पुन्हा सुरू करून आत बसली. खट्‌कन मूठ बसली. पुस्तकाएवढ्या काचेत तिला त्याची पाठ दिसली. बाईमाणूस आत घाबरलेलं असताना टक लावून बघणं बरं नव्हे असं वाटून तो पाठमोरा उभा राहिला होता. ती एकटी होती, आणि बाहेर एक पाठ होती.

ते लगेच आलं. ठोका चुकला, मग घाई, मग गळा. बोटांना मुंग्या. परक्या बाईचा हात मांडीवर. हवा संपली. मरतेय, मरतेय, हीच ती वेळ, आता काच वाजव, दोनदा वाजव. तिने उजवा हात उचलला आणि त्यात बटण होतं. हेडफोनमध्ये कुठेतरी आवाज चालू असणार, जाड, हळू, आणि काळजाच्या धपधपीत तिला तो ऐकू येत नव्हता. तिला पहिल्यांदाच राग आला. भीतीचा राग. अगं बाई, मर एकदाची, ती स्वतःला म्हणाली, पण मरेपर्यंत आवाज तरी ऐक, त्या माणसाची नोकरी आहे. आणि मेली नाही. भीती चढत गेली, इतकी चढली की याच्यावर आणखी काही असेल असं वाटेना, आणि तिथे ती थांबली. थोडा वेळ तशीच राहिली. मग, तिने काहीही न करता, उतरायला लागली. सावकाश, कुरकुरत, मधेच परत दोन पावलं चढत, पण उतरत. तिला नवल वाटलं. प्रत्येक वेळी ती चढतानाच पळत सुटली होती. टोपली टाकून, मूठ उलटी ओढून, रेडिओ मोठा करून. हिला उतरण असते हे तिने कधी बघितलंच नव्हतं. काळीज अजून धडधडत होतं, पण ते आता तिचंच होतं, शेजारच्या घरात कुणी काही कुटत असावं इतकंच. आणि त्याच्या पलीकडून एक बारीक शीळ आली. तिने बटण दाबलं.

बाहेर येऊन तिने कागद बघितला. बारीक आवाज जागच्या जागी, जाड आवाज मात्र पंचवीस, तीस. ते काही पेटीचं नव्हतं, तिच्या काळजाचं होतं. फरक दहापेक्षा जास्त आला की पुन्हा बसायचं, हा नियमच होता. तिला रडू फुटलं, ते तिने लपवलं नाही. "नाही झालं का?" ड्रायव्हरने विचारलं. "पुन्हा बसावं लागेल," ती म्हणाली. त्याने दाराची मूठ धरली आणि वाट बघत उभा राहिला. दुसऱ्या खेपेलाही ते आलं. आलं तेव्हा तिने त्याला अडवलं नाही, विचारपूसही केली नाही. चढू दिलं, उतरू दिलं, आणि मध्ये जी जी जागा सापडली तिथे बटण दाबत गेली. पंधरा, दहा, पाच, पाच, दहा, पंधरा. खरे आकडे. मग ड्रायव्हर आत बसला, आणि दार लावताना तिचा हात थांबलाच. थांबला तरी तिने मूठ दाबली. खट्. काचेतून तिने बघितलं तर तो डोळे मिटून, मांडीवर टोपी ठेवून, चेहऱ्यावर एक सुखी मूर्ख भाव आणून बसला होता, आणि दर आवाजाला अंगठा नेमका हलत होता. बारीक आवाज थोडे गेले होते, वयाने जातात तेवढे. जाड आवाज सगळे शाबूत होते. सही करून तिने कागद त्याच्या हातात दिला तेव्हा त्याने आधी तो दोनदा वाचला. "बायकोला आता हळू बोल म्हणून सांगायला हवं," तो म्हणाला, आणि आभार न मानता गेला. तिला ते योग्यच वाटलं.

दुपारी तिने कानाच्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. फटीचं, वहीचं, भीतीचं. ते आधी चिडले, मग त्यांनी वही मागवून बघितली, मग पुन्हा चिडले. लेखी द्यावं लागेल म्हणाले, आणि पुढचं काय ते वरिष्ठ ठरवतील. तिला कामावर ठेवतील की नाही हे त्यांना सांगता येणार नव्हतं. "पण आधी ते सगळे पेशंट परत बोलवा," ते म्हणाले. एकशे ब्याऐंशी नावं होती. तिने यादी पुढ्यात घेतली, खिडकी बंद केली आणि पहिला नंबर लावला. वर्गात मागच्या बाकांवरची मुलं काय बोलतात ते ऐकू येत नाही, म्हणून तपासायला आलेल्या एका शिक्षिकाबाई. आलेख बघून त्यांनी कानाला यंत्र घ्यायचं ठरवलं होतं, आणि शाळाही सोडायच्या विचारात होत्या. तिने नाव सांगितलं, रुग्णालय सांगितलं. "बाई, तुमची तपासणी चुकली," ती म्हणाली. "चूक माझी आहे. पेटीचं दार लावायला मला भीती वाटत होती, म्हणून मी ते उघडं ठेवलं. तुम्हाला पुन्हा यावं लागेल."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. ही शांतता ऐकणं तिला जड गेलं, पण तिने फोन कानाशीच धरून ठेवला.

"आणि आता?" बाईंनी विचारलं. "आता नाही वाटत भीती?"

"वाटते," ती म्हणाली. "पण लावते."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग कधी येऊ?"